नवं यंत्र घेण्याआधी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

कारखान्यातलं नवं तंत्रज्ञान आणि त्याचा धंद्यावर, कामावर, पर्यावरणावर होणारा परिणाम या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. बहुतेक पत्रांचा सूर ‘अमुक घ्यावं का?’ असा आहे. बऱ्याच ठिकाणी आम्हाला आधी उलट प्रश्न विचारावा लागला: सध्या काय चाललंय ते तुमच्याकडे आकड्यांत लिहिलेलं आहे का? ते नसेल तर नवं यंत्र फायद्यात पडलं की तोट्यात, हे नंतरही कळणार नाही.

प्रश्न: आमचा स्क्रू कॉम्प्रेसर (हवा दाबून देणारं यंत्र) जेवणाच्या सुट्टीत, सगळी यंत्रं बंद असतानाही मधूनमधून लोड घेतो, म्हणजे हवा भरू लागतो. विजेचं बिल वाढत चाललंय म्हणून व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असलेला नवा कॉम्प्रेसर घ्यायचं घाटतंय. घ्यावा का?

आत्ता नको. यंत्रं बंद असताना कॉम्प्रेसर लोड घेतो, याचा अर्थ हवा कुठेतरी गळते आहे. नवा आणलात तर तोही तीच गळती भरत बसेल.

गळती मोजायला वेगळं उपकरण लागत नाही, घड्याळ पुरतं. सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारं प्रत्येक यंत्र बंद ठेवा, पण यंत्रांकडे जाणारे व्हॉल्व्ह उघडे राहू द्या, म्हणजे शेवटच्या नळीपर्यंतची गळती मोजणीत येईल. कॉम्प्रेसर चालू करून दाब नेहमीच्या पातळीला येऊ द्या. मग तो किती सेकंद लोडवर आणि किती सेकंद अनलोडवर (फिरतो, पण हवा भरत नाही) असतो, हे पाच-सहा फेऱ्यांसाठी लिहून काढा. लोडच्या सेकंदांना फेरीच्या एकूण सेकंदांनी भागून शंभराने गुणा. समजा, लोड सरासरी ४५ सेकंद आणि अनलोड १३५ सेकंद आला, तर ४५ भागिले १८०, म्हणजे क्षमतेच्या २५ टक्के हवा नुसती वाया जाते आहे. देखभाल चोख असेल तर हा आकडा १० टक्क्यांच्या आत राहतो. जिथे कुणी बघतच नाही, तिथे २० ते ३० टक्के सर्रास सापडतो.

३ मिलिमीटर व्यासाचं एकच भोक ७ बार दाबाला मिनिटाला साधारण अर्धा घनमीटर किंवा त्याहून थोडी जास्त हवा सोडतं. ती भरून काढायला तीन ते चार किलोवॅट वीज लागते, तीही चोवीस तास.

शोधायला सुरुवात टोकाकडून करा. मुख्य लाइनचे वेल्डिंगचे जोड क्वचितच गळतात. गळती असते ती क्विक कपलरमध्ये, एफआरएल युनिटच्या (फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर यांच्या संचाच्या) बाऊलखाली, सिलिंडरच्या सीलपाशी आणि नळी नुसती दाबून बसवायच्या पुश फिटिंगमध्ये. पुश फिटिंग गळण्याचं कारण बहुधा फिटिंग नसतंच. पीयू (पॉलियुरेथेन) नळी पक्कडीने किंवा ब्लेडने तिरकी कापलेली असते आणि तिचं तोंड आतल्या ओ-रिंगवर नीट बसत नाही. नळी कटरने काटकोनात कापा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतील. साचलेलं पाणी आपोआप सोडणाऱ्या ऑटो ड्रेन व्हॉल्व्हकडेही बघा. कचरा अडकून तो उघडाच राहिलेला असतो आणि ‘पाणी काढतोय’ असं समजून सगळे पुढे जातात. साबणाचं पाणी पुरेसं आहे. अल्ट्रासोनिक डिटेक्टर असेल तर यंत्रांच्या गोंगाटातही शोध घेता येतो. सापडलेल्या प्रत्येक जागेला क्रमांकाची चिठ्ठी बांधा आणि दुरुस्तीनंतर तीच घड्याळाची चाचणी पुन्हा करा.

त्यानंतर दाब. ७ बारच्या आसपास दाब १ बारने वाढवला की वीज साधारण ६ ते ७ टक्के जास्त लागते, शिवाय गळतीही वाढते. एका यंत्राला जास्त दाब हवा म्हणून सगळ्या कारखान्याचा दाब चढवलेला असतो. त्या एकाच यंत्राजवळ दाब वाढवणारा छोटा बूस्टर किंवा हवेची टाकी देता येते का ते आधी बघा. शेवटच्या यंत्रापाशी दाब फार पडत असेल तर तुंबलेला फिल्टर आणि बारीक पडलेली पाइपलाइन तपासा. कॉम्प्रेसरचा सेट पॉइंट (ठरवलेला दाब) वाढवणं हा त्यावरचा उपाय नाही.

हे सगळं झाल्यावर आठवडाभर लोड-अनलोडची नोंद ठेवा. हवेची मागणी सतत खालीवर होत असेल तर व्हीएफडी कॉम्प्रेसर खरंच वाचवतो, कारण साधा स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडवर असतानाही पूर्ण लोडच्या सुमारे पाव ते एक तृतीयांश वीज खातो. मागणी जवळजवळ कायम पूर्ण क्षमतेची असेल तर मात्र व्हीएफडीत स्वतःचीच काही टक्के वीज जाते, तिथे साधाच बरा. आणखी एक: कॉम्प्रेसरला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. पार्ट धुण्यासाठी किंवा वाळवण्यासाठी गरम पाणी-हवा लागत असेल तर ती इथून घ्या. धूर सोडणारा एक हीटर त्यामुळे बंद होऊ शकतो.

प्रश्न: पंपाला व्हीएफडी बसवली. ‘वेग २० टक्के कमी करा, वीज निम्मी होईल’ असं सांगितलं होतं. ५० हर्ट्झवरून ४० वर आणलं, तर वरच्या टाकीत पाणी चढेनासंच झालं. ड्राइव्ह खराब आहे का?

ड्राइव्ह ठीक आहे. सांगणाऱ्याने नियम अर्धाच सांगितला. सेंट्रिफ्युगल पंपात प्रवाह वेगाच्या प्रमाणात, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ०.८ चा घन ०.५१, म्हणून ‘निम्मी वीज’. पण ०.८ चा वर्ग ०.६४. तुमचा पंप पूर्ण वेगाला जास्तीत जास्त ३० मीटर उंची देत असेल तर ४० हर्ट्झला तो १९ मीटरच देतो. टाकी २२ मीटरवर असेल तर एक थेंबही वर जाणार नाही. पंप आतल्या आत पाणी घुसळत राहील, पाणी तापेल आणि सील जाईल.

घनाचा हा हिशेब जिथे सगळा विरोध घर्षणाचा असतो तिथे बसतो: बंद चक्रात फिरणारं थंड पाणी, पंखे, ब्लोअर. उंचावर पाणी चढवायचं असेल तर योग्य मापाचा पंप घेणं, इम्पेलर (पाणी फेकणारं चाक) थोडा कापून घेणं किंवा टाकीतल्या पातळीवर चालणाऱ्या फ्लोट स्विचवर पूर्ण वेगाने चालू-बंद करणं हेच स्वस्त पडतं. व्हीएफडी ठेवायचीच असेल तर पाणी चढणं थांबतं ती फ्रिक्वेन्सी शोधा आणि किमान मर्यादा तिच्या बऱ्यापैकी वर लावा.

मोटारीकडेही लक्ष असू द्या. तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, त्यामुळे वेग उतरला की थंडावाही उतरतो. ड्राइव्हपासून मोटारीपर्यंतची केबल फार लांब असेल तर व्होल्टेजचे टोकदार झटके वाइंडिंगचं इन्सुलेशन खातात. आणि बेअरिंग वारंवार जात असेल तर ते उघडून बाहेरच्या रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यावर) बघा. एकसारख्या अंतराने आडव्या पट्ट्या उमटलेल्या दिसल्या तर शाफ्टमधून करंट वाहतो आहे. तिथे ग्रीस बदलून काही होणार नाही, शाफ्ट ग्राउंडिंग रिंग किंवा इन्सुलेटेड बेअरिंगच लागेल.

प्रश्न: रबरी सील तपासायला माणसांऐवजी कॅमेरा आणि एआय बसवायचा प्रस्ताव आहे. पुरवठादार ‘९५ टक्के अचूकता’ सांगतो. एवढी पुरे का?

नुसत्या या आकड्यावरून काहीच ठरत नाही. कागदावर मांडून बघा. दिवसाला १०,००० सील, त्यातले १ टक्का म्हणजे १०० खराब. यंत्र दोन्ही बाजूंना ९५ टक्के बरोबर आहे असं धरू. ते १०० पैकी ९५ खराब सील पकडेल आणि ५ ग्राहकाकडे जातील. उरलेल्या ९,९०० चांगल्या सीलपैकी ५ टक्के, म्हणजे ४९५, ते उगाचच बाजूला काढेल. रिजेक्टच्या पेटीत ५९० सील पडतील आणि त्यातले खरे खराब फक्त ९५. सहापैकी पाच सील चांगले. मग ती पेटी तपासायला पुन्हा माणसं बसवावी लागतील, नाहीतर चांगलं रबर भंगारात जाईल.

म्हणून दोन आकडे वेगवेगळे मागा: चांगला माल किती नाकारला जातो आणि खराब माल किती सुटतो. चाचणी तुमच्याच मालावर घ्या. पुरवठादाराने आणलेल्या नमुन्यांवर विसंबू नका. दीड-दोनशे खराब सील गोळा करा. त्यात काठावरचे भरपूर हवेत, कारण मधोमध फाटलेला सील कुणीही ओळखतं. चांगल्या सीलमध्ये ते मिसळा, क्रमांक टाका आणि प्रत्येक नग तीनदा, वेगवेगळ्या कोनांत यंत्राखालून न्या. एकाच नगावर तीनदा तीन निकाल आले तर एआयच्या आधी प्रकाशयोजना सुधारायला हवी.

कॅमेरा किती पिक्सेलचा हवा, हा साधा भागाकार आहे. सर्वांत लहान दोष ०.२ मिलिमीटरचा असेल तर त्यावर निदान ४ पिक्सेल पडायला हवेत, म्हणजे एका पिक्सेलला ०.०५ मिलिमीटर. दृश्याची रुंदी १०० मिलिमीटर असेल तर २,००० पिक्सेल लागतात. त्याहून महागडा कॅमेरा घेऊन उपयोग नाही, कारण खरा घोटाळा वेगात होतो. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर धावत असेल आणि एक्स्पोजर १ मिलिसेकंदाचं असेल, तर तेवढ्यात सील अर्धा मिलिमीटर पुढे सरकतो आणि ०.२ चा दोष पुसला जातो. एक्स्पोजर ०.१ मिलिसेकंदावर आणावं लागेल, आणि इतक्या कमी वेळात पुरेसा उजेड द्यायला क्षणभर लखकन चमकणारा स्ट्रोब लाइट लागेल.

उजेडाचं म्हणाल तर काळ्या रबरावरचे ओरखडे सरळ वरून टाकलेल्या प्रकाशात दिसतच नाहीत. जवळजवळ आडवा येणारा रिंग लाइट लावला की पृष्ठभाग काळा राहतो आणि ओरखड्याची कड उजळते. कडेला राहिलेला जादा रबर, ज्याला फ्लॅश म्हणतात, तो मात्र मागून दिलेल्या प्रकाशात नुसत्या बाह्याकृतीवरून नेमका सापडतो. दोन्ही दोष एका दिव्यात पकडायचा आग्रह धरू नका, दोन स्टेशनं करा. वरून अपारदर्शक आवरण घाला. खिडकीतलं ऊन दिवसभरात सरकतं आणि दुपारनंतर रिजेक्ट का वाढतात याचा शोध महिनाभर चालतो.

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र कॅमेरा येण्याआधीचं आहे. तुमच्या दोन अनुभवी तपासनिसांना तेच १०० काठावरचे सील वेगवेगळे बसून तपासायला द्या. त्यांचे निकाल जुळत नसतील तर यंत्राला तुम्ही शिकवणार तरी काय? आधी ‘इथपर्यंत चालेल’ असे मर्यादेचे नमुने ठरवा, त्यावर ग्राहकाची सही घ्या. मग त्या तपासनिसांनाच शिकवणीच्या चित्रांवर खुणा करायला बसवा. त्यांची नजर ही या यंत्रणेतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. त्यांना आधी घरी पाठवून मग यंत्र शिकवायला घेणं ही घोडचूक आहे. साचा बदलला, रबराचा लॉट बदलला की पुन्हा चाचणी लागते. आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ओळखीचे खराब नमुने यंत्राखालून न्यायचेच, ते पकडले गेले तरच उत्पादन सुरू.

प्रश्न: मोटारींवर वायरलेस कंपन सेन्सर लावले. दर दहा मिनिटांनी वाचन येतं. तरीही एका पंख्याचं बेअरिंग काही इशारा न देता जाम झालं. सेन्सर कुचकामी आहेत का?

तुमचे सेन्सर काय मोजतात ते आधी बघा. मिनिटाला १,५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५. असमतोल असेल तर कंपन २५ हर्ट्झवर वाढतं, कपलिंग वाकडं असेल तर बहुधा ५० वरही दिसतं. ९ गोळ्यांच्या बेअरिंगच्या बाहेरच्या रेसला खड्डा पडला तर ठोके साधारण ०.४ गुणिले ९ गुणिले २५, म्हणजे ९० हर्ट्झने पडतात. आतल्या रेसला असेल तर ०.६ घ्या, १३५ हर्ट्झ. पण सुरुवातीला हे ठोके इतके हलके असतात की मिलिमीटर प्रति सेकंदातल्या एकूण कंपनात ते बुडून जातात. ते दिसतात ते काही किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, धातू हलकेच झणझणल्यासारखे. १ किलोहर्ट्झपर्यंतच मोजणारा सेन्सर त्यांना ऐकूच शकत नाही. एकूण कंपन वाढेपर्यंत बेअरिंग बरंच खराब झालेलं असतं, आणि तापमान तर त्याच्याही नंतर चढतं. म्हणून बेअरिंगसाठी एन्व्हलप विश्लेषण (वरच्या फ्रिक्वेन्सीतून हे ठोके वेगळे काढणं) करणारा, निदान काही किलोहर्ट्झपर्यंत मोजणारा सेन्सर हवा.

दुसरं कारण बसवण्याच्या पद्धतीत असतं. पंख्याच्या पत्र्याच्या कव्हरवर लावलेला सेन्सर पत्रा मोजतो. जागा बेअरिंगच्या घराजवळची, भरीव ओतकामाची हवी. रंग खरवडून, सपाट करून तिथे स्टड किंवा इपॉक्सीने बसवा. चुंबकाने चिकटवलेला सेन्सर वरच्या फ्रिक्वेन्सीत बरंच गमावतो.

मूळ वाचन घेतलं होतं का? सगळं ठणठणीत असताना, ठराविक लोडवर दोन-तीन आठवडे नोंद घ्या आणि इशारा त्या त्या मोटारीच्या स्वतःच्या आकड्यावरून लावा. आयएसओ २०८१६ या कंपनाच्या मानकातले मर्यादांचे पट्टे सुरुवातीला उपयोगी आहेत, पण एकाच मापाच्या दोन मोटारींचं रोजचं कंपन सारखं नसतं. मोटार चालू आहे की बंद, हेही वाचनासोबत नोंदलं जायला हवं. नाहीतर बंद मोटारीची वाचनं सरासरी खाली ओढतात. आणि इशारा आला की कोण बघायला जाणार, किती तासांत, हे कागदावर नसेल तर आठवडाभरात सगळे मोबाइलवरचा आवाज बंद करून टाकतात. प्रत्येक मोटारीला सेन्सर लावायचीही गरज नाही. जी मोटार अर्ध्या तासात बदलता येते आणि जिची दुसरी जोडी कपाटात आहे, ती जाईपर्यंत चालवलेली परवडते.

प्रश्न: थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकचे जिग (पार्ट जागेवर धरायची साधनं) केले. काही वाकले, काहींचे थर सुटले. हे तंत्र कारखान्यात चालतच नाही का?

चालतं, आणि छान चालतं. माल आणि दिशा चुकली आहे. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. यंत्राजवळच्या गरम जागी किंवा नुकत्याच वेल्डिंग केलेल्या पार्टला लागून ते वाकणारच. पीईटीजी ८० च्या आसपासपर्यंत तग धरतं, एबीएस १०० च्या थोडं वर. नायलॉन चिवट असतं, पण हवेतली ओल पितं. छपाईआधी ७० ते ८० अंशांवर काही तास वाळवलं नाही तर नोझलमधून फुटफुट आवाज येतो आणि पार्ट सच्छिद्र निघतो.

थर सुटतात कारण दोन थरांमधली पकड थरातल्या ताकदीपेक्षा कमी असते. जोर थरांच्या दिशेने पडेल असा पार्ट आडवा करून छापा. ताकद हवी म्हणून आतलं भरण ८० टक्के करण्यापेक्षा बाहेरच्या भिंती चार-पाच करा. कमी प्लास्टिकमध्ये जास्त मजबुती मिळते. भोकं ०.१ ते ०.३ मिलिमीटर लहान येतात, ती रीमरने मापात घ्या. ड्रिलला वाट दाखवणाऱ्या भोकात पोलादी बुश ठोका आणि आट्यांसाठी पितळी इन्सर्ट गरम करून बसवा. प्लास्टिकमध्ये पाडलेले आटे चार वेळा उघडले की संपतात.

हेच पार्ट विकायला करायचे असतील तर साच्याशी तुलना अशी करा: साच्याचा खर्च भागिले, एका छापील आणि एका साच्यातल्या नगाच्या खर्चातला फरक. छापील नगाचा खर्च १ मानला, साच्यातल्याचा ०.०५ आणि साच्याचा ४००, तर ४०० भागिले ०.९५, म्हणजे साधारण ४२० नगांनंतर साचा स्वस्त. मात्र रचना अजून बदलत असेल तर साच्यात पैसे घालू नका.

प्रश्न: कोबॉटला (माणसाशेजारी काम करणाऱ्या रोबोला) कुंपण लागत नाही हे खरं का?

रोबोला लागत नसेल, तुमच्या कामाला लागू शकतं. कोबॉट माणसाला धडकला तर बळाची मर्यादा ओलांडायच्या आत थांबतो. शरीराच्या कुठल्या भागाला किती बळ आणि दाब चालेल याचे आकडे २०१६ च्या आयएसओ/टीएस १५०६६ या सुरक्षेच्या दस्तऐवजात आहेत. पण त्याच्या हातात धारदार पत्रा किंवा ड्रिल असेल तर हात थांबेपर्यंत इजा झालेली असते. जोखमीचं मूल्यमापन म्हणून संपूर्ण कामाचं करायचं: ग्रिपर (पार्ट पकडणारा पंजा), पार्ट, टेबलाची कड, हात चिरडू शकेल अशा फटी. भार मोजताना ग्रिपरचं वजन वजा करा. ५ किलोच्या कोबॉटला दीड किलोचा ग्रिपर लावला की पार्ट साडेतीन किलोपर्यंतच. बळ मर्यादेत ठेवायला वेगही कमी ठेवावा लागतो, तेव्हा माणूस ८ सेकंदांत करतो ते काम त्याला १२ सेकंदांत जमेल असं धरून हिशेब करा. आणि लाइनचा वेग अडवणारं यंत्र दुसरंच असेल तर इथे कोबॉट लावून एकही नग वाढणार नाही.

प्रश्न: लेसरने कापलेल्या पत्र्यावर पावडर कोटिंग केलं. कडेचा रंग पापुद्र्यासारखा निघतो. पावडर बदलली तरी तेच.

पावडरचा दोष नाही. माइल्ड स्टील ऑक्सिजनने कापलं की कडेवर ऑक्साइडचा पातळ, ठिसूळ थर बसतो. रंग त्या थराला घट्ट चिकटतो आणि तो थरच पोलादापासून सुटतो. सुटलेल्या पापुद्र्याची आतली बाजू बघा, राखाडी-काळी दिसेल. कोटिंगआधी कड ब्रशिंग किंवा ग्राइंडिंगने साफ करा, नाहीतर आम्लाने धुऊन घ्या. किंवा नायट्रोजनने कापा. त्यात कड पांढरी निघते, पण गॅस जास्त दाबाने आणि बराच जास्त जातो. धारदार कडेवर रंग मुळातच पातळ बसतो, ती थोडी गोल केली तर गंजही उशिरा धरेल. जाता जाता: फायबर लेसरचा सुमारे १ मायक्रॉन तरंगलांबीचा किरण डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत थेट जातो. यंत्राची खिडकी तडकली म्हणून तिथे साधं अ‍ॅक्रिलिक बसवू नका.

प्रश्न: पॅकिंगसाठी ‘कंपोस्टेबल’ पीएलए पिशव्या घेतल्या तर पर्यावरणाचा फायदा नक्की होतो का?

त्या पिशव्या शेवटी कुठे जातात यावर ते अवलंबून आहे. पीएलए झपाट्याने कुजतं ते साधारण ५८ ते ६० अंश तापमान टिकवणाऱ्या औद्योगिक कंपोस्ट केंद्रात. उघड्या मातीत किंवा समुद्रात ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं. पीईटीच्या (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकच्या) भंगारात मिसळलं तर वितळवताना तो मालही बिघडतो. जवळपास असं केंद्र नसेल तर एकाच जातीच्या प्लास्टिकची, पुनर्वापरात घेता येईल अशी पिशवी बरी, आणि त्याहून आधी जाडी कमी करा. ६० मायक्रॉनवरून ४५ वर आलात की २५ टक्के प्लास्टिक तिथेच वाचलं. पडण्याची चाचणी घेऊन ही जाडी ठरवा, कारण आतला माल फुटला तर पिशवीत वाचवलेल्यापेक्षा कितीतरी जास्त वाया जातं. ‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ लिहिलेलं घेऊच नका, त्याचे फक्त बारीक तुकडे होतात.

प्रश्न: बरीच वर्षं सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं) लेथ चालवतो आहे. आता पार्ट भरायला रोबो येणार आहे. माझं काम जाणार का? काय शिकू?

पार्ट भरणं-काढणं जाईल, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. रोबोची सुरुवातच तिथून झाली. १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात युनिमेट हा रोबो बसला, तो डाय कास्टिंगमधून निघालेले तापलेले पार्ट उचलायला. ते काम माणसाच्या हातून गेलं हे बरंच झालं.

पण तुमची पाळी नुसती पार्ट भरण्यात जात नाही. माप घेणं, ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) सुधारणं, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलणं, चकवर गुंडाळलेली चिप काढणं आणि व्यास हळूहळू का सरकतोय हे ओळखणं, हेही तुम्हीच करता. रोबोने भरलेल्या यंत्रापाशी हे बघायला कुणी उभं नसतं. विसाव्या पार्टला इन्सर्टचा कोपरा उडाला तर शंभरावा पार्ट होईपर्यंत ऐंशी भंगारात गेलेले असतात. तेव्हा टूल किती पार्टनंतर बदलायचं, कुठल्या मापावर यंत्राने स्वतः थांबायचं, चिप तुटावी म्हणून फीड किती ठेवायचा, हे आधीच ठरवून यंत्रात घालावं लागतं. ते तुम्ही आज कानाने आणि डोळ्याने करता. तेच आकड्यांत मांडायला शिका. प्रोबिंगचे मॅक्रो (यंत्रानेच माप घ्यायचे छोटे प्रोग्रॅम), टूल लाइफची व्यवस्था, कंट्रोल चार्ट (माप कसं सरकतंय ते दाखवणारा आलेख), रोबोचे पॉइंट शिकवणं आणि पीएलसीचे (यंत्राच्या क्रिया चालवणाऱ्या नियंत्रकाचे) इनपुट-आउटपुट वाचणं, याच क्रमाने गेलात तर प्रत्येक पायरी आधीच्या अनुभवावर बसते.

मालकांनाही एक सांगणं आहे. विजेच्या मोटारी कारखान्यांत १९ व्या शतकाच्या अखेरीस आल्या, पण बऱ्याच ठिकाणी वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटार बसवली आणि छताखालचा जुना शाफ्ट, पट्टे तसेच ठेवले. उत्पादकतेतली मोठी झेप अमेरिकेत १९२० च्या दशकात दिसली, प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार मिळाली आणि यंत्रं कामाच्या क्रमाने मांडता आली तेव्हा. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये हेच उदाहरण संगणकासाठी दिलं होतं. कामाचा क्रम कुणाला ठाऊक असतो? यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला. त्याला कमी करून रोबोचा खर्च वसूल करायचा बेत असेल तर मांडणी सुधारणारा माणूसच उरत नाही. प्रशिक्षण कामाच्या वेळेत, पगारी द्या, आणि रोबोची ऑर्डर देण्याआधी सुरू करा.

प्रश्न: लांब सुट्टीनंतर जुनी सीएनसी चालू केली, तर सगळे पॅरामीटर (यंत्राची मूळ सेटिंग) गायब. असं का होतं आणि पुढे काय काळजी घ्यावी?

बऱ्याच जुन्या कंट्रोलमध्ये पॅरामीटर बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतात. बॅटरी कमी झाल्याचा इशारा स्क्रीनवर येतो, पण यंत्र चालतंय म्हणून कुणी मनावर घेत नाही. मग सुट्टीत वीज बंद झाली की मेमरी पुसली जाते. अशा कंट्रोलची बॅटरी यंत्र चालू ठेवूनच बदलायची असते. वीज बंद करून काढली तर तेच होतं जे तुमच्याकडे झालं. तुमच्या कंट्रोलच्या पुस्तिकेत पद्धत बघून घ्या. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरची (अक्ष कुठे आहे ते सांगणाऱ्या भागाची) बॅटरी बहुधा वेगळी, सर्व्हो अ‍ॅम्प्लिफायरपाशी असते. ती गेली तर अक्षांचा शून्य हरवतो.

बॅकअपमध्ये फक्त प्रोग्रॅम घेऊन भागत नाही. पॅरामीटर, पीएलसी लॅडर (नियंत्रकाचा प्रोग्रॅम), पिच एरर कॉम्पेन्सेशन (अक्षाच्या स्क्रूतल्या चुकांची दुरुस्ती), मॅक्रो व्हेरिएबल आणि ऑफसेट, सगळं घ्या. दोन प्रती करा, एक कारखान्याबाहेर ठेवा, आणि एखादी फाइल उघडून ती रिकामी नाही ना हे तपासा. डेटा गोळा करायला यंत्र नेटवर्कवर घेणार असाल तर ते थेट इंटरनेटला जोडू नका, कार्यालयातल्या संगणकांपासूनही वेगळं ठेवा. पेन ड्राइव्हसुद्धा यंत्रांसाठी वेगळा असावा. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्रॅम यूएसबी ड्राइव्हमधूनही पसरत होता. आता सगळं पुन्हा लावाल तेव्हा प्रत्येक अक्ष शून्यावर आणून स्लाइडवर आणि बेडवर जुळत्या रेघा मारून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी शून्य शोधायला दिवस जाणार नाही. बॅटरी बदलल्याची तारीख कंट्रोल पॅनेलच्या दारावर आतून चिकटवा, आणि पुढची तारीखही त्याच चिठ्ठीवर लिहा.